ठसा नसलेला चमचा

जुन्या सामानाच्या त्या दुकानात शिरलं की डाव्या हाताला कपाटं, उजवीकडे एकावर एक चढवलेल्या खुर्च्या, आणि अगदी मागं, खिडकीपाशी, भिंगबाईंचं टेबल. टेबलावर ट्रेच ट्रे. त्यात चमचे, काटे, सुऱ्या. बाईंच्या गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं भिंग असायचं, म्हणून त्या भिंगबाई. खरं नाव विचारलं असतं तर दुकानाच्या मालकालाही डोकं खाजवावं लागलं असतं.

बाईंचं काम ऐकायला सोपं. कुणीतरी एक काटा घेऊन यायचं. "बाई, असे अकरा आहेत, बारावा हरवलाय. मिळेल?" बाई काटा उलटा करायच्या. दांड्याच्या मागं कारखान्याचा ठसा असतो, त्यावर तोंडाची वाफ सोडायच्या, कारण झिजलेला ठसा उमटला तर वाफेतच उमटतो. मग पुढची नक्षी बघायच्या, बोटावर तोलून वजन बघायच्या, आणि कारखाना कुठला, नक्षी कुठली, ती कधी निघाली नि कधी बंद पडली, असं काही सांगायच्या की जणू तो काटा त्यांच्या शेजारच्या घरात लहानाचा मोठा झालाय! मग कुठल्यातरी ट्रेमध्ये हात घालून त्याचा जोड काढून द्यायच्या. नसला तर "नाही." आणि नाही म्हणजे नाही. "जवळपास जाणारा एखादा?" असं विचारणाऱ्याची काही धडगत नसे.

"जवळपास जाणारा म्हणजे काय? पायात घालता का दोन जवळपास जाणाऱ्या चपला?"

मालक गालातल्या गालात हसायचे. "भिंगबाई, तुमच्यासमोर उभं राहायची भीती वाटते मला. एखाद दिवस मलाही उलटं करून ठसा बघाल."

"तुमचा ठसा केव्हाच पुसला," बाई त्यांच्या टकलाकडे बघत म्हणायच्या. "आता मुलामाही उडत चाललाय."

अशा या तोंडाळ बाई, पण नवा माल आला की त्यांची बोलती बंद व्हायची. मालकांनी पोतं जमिनीवर ठेवायच्या आत बाई टेबलामागून उठलेल्या असायच्या. पोत्याचं तोंड सोडायचं, बाही वर करायची, कोपरापर्यंत हात घालायचा आणि चमचे चाळत सुटायचं. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नसे. सगळं पोतं खालपासून वरपर्यंत पाहून झालं की हात बाहेर काढून म्हणायच्या, "नाही." मग जीव भांड्यात पडल्यासारख्या खुर्चीत बसायच्या. मालकांना हे कोडं कधी उलगडलं नाही. माणूस काहीतरी शोधतं, ते मिळत नाही, आणि मिळालं नाही म्हणून खूश होतं! असं कुठं असतं?

असतं. ऐका.

बाईंचे वडील चमच्यांच्या कारखान्यात साचे कोरायचे. पोलादाच्या ठोकळ्यात उलटी नक्षी कोरायची, म्हणजे दाब बसला की चमच्यावर ती सुलटी उमटते. आयुष्यभर दुसऱ्यांनी काढून दिलेल्या नक्ष्या कोरल्या त्यांनी. एकदाच स्वतःच्या मनानं एक कोरली. दांड्यावर चढत गेलेली वेल, आणि टोकाला वाऱ्यानं उलटं झालेलं एक पान, पाठ दाखवणारं. नमुन्यादाखल बारा चमचे निघाले. कारखान्याच्या मुकादमानं एक हातात घेतला, पानाच्या घडीत नख फिरवलं आणि म्हणाला, "यात मळ बसेल. कोण घासत बसणार?" झालं. साचा वितळवला गेला. बारा चमचे वडिलांनी घरी आणले. विकायच्या मालावरच ठसा मारायचा नियम, त्यामुळं त्यांच्या पाठी कोऱ्याच राहिल्या.

घरात दोन मुली. भिंगबाई धाकट्या. आणि थोरलीनं लग्न ठरवलं ते कुणाशी? त्याच मुकादमाच्या पुतण्याशी! जगात दुसरी मुलं नव्हती की काय, पण नाही. वडील ओरडले नाहीत, हे जास्त वाईट झालं. निघायच्या दिवशी त्यांनी टेबलावर बारा चमचे मांडले आणि सहा थोरलीच्या पिशवीत टाकले. "हे तुझे, हे हिचे. वाटणी झाली."

वाटणी झाली म्हणजे नातं संपलं, हे थोरलीला न सांगता कळलं. दाराशी तिनं धाकटीचा गाल ओढला. "मी बोलावीन तुला. येशील ना?" धाकटीनं मान डोलावली. तिनं पुढं कितीतरी दिवस फ्रॉक इस्त्री करून ठेवला होता. बोलावणं आलं नाही. मग कारखाना बंद पडला, कामगारांची वसाहत पाडली, माणसं जिकडं वाट फुटेल तिकडं गेली. वडील वारल्यावर भिंगबाई थोरलीच्या पत्त्यावर जाऊन आल्या, तर दार उघडणाऱ्यानं तिचं नावही ऐकलेलं नव्हतं.

आता जुन्या सामानाच्या दुकानात चमचे कसे येतात, हे काही गुपित नाही. घर मोडतं, तेव्हा येतात. म्हातारं माणूस जातं, मुलं खण उपसतात, आणि जे कुणालाच नको असतं ते पोत्यात भरतात. ही वेल जगात बारा चमच्यांवरच होती. सहा भिंगबाईंच्या घरी, आणि बाकीचे सहा ज्या दिवशी पोत्यातून निघतील त्या दिवशी थोरली नाही, इतका सरळ हिशेब. म्हणून प्रत्येक पोत्यात बाई हात घालायच्या. नाही निघाले? मग ती आहे. कुठंतरी, कुठल्यातरी स्वयंपाकघरात, वाटीत चमचा फिरवत बसली आहे. बाईंना तिची इतकी आठवण यायची की हात दुखायचे, आणि खबर यायची वाट तर हीच एक. खबर यावी असंही वाटायचं आणि मेली येऊ नये असंही वाटायचं. त्यातच केस पांढरे झाले.

एके दिवशी दुपारी एक मुलगी आली. तिशीची असेल. तिनं पर्समधून रुमाल काढला, रुमालातून चमचा काढला आणि मालकांच्या हातात दिला.

"हा कुणी बनवलाय, ते कळेल का?"

मालकांनी उलटासुलटा केला. "ठसाच नाही की हो याला! असल्या मालाला ना आई ना बाप. भंगार म्हणा ना."

"सगळे हेच म्हणतात," मुलगी म्हणाली. "पण या दुकानात एक बाई आहेत असं कळलं."

बाईंनी मागूनच पाहिलं होतं. वेलीचं ते पान त्यांनी दहा खोल्यांपलीकडून ओळखलं असतं. मालकांनी चमचा आणून हातात दिला तसं त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, ते चेहरा लपवायला.

आणि बाई मनातल्या मनात हसत होत्या! का नाही हसणार? पोतं नव्हतं ते, गिऱ्हाईक होतं. चमचा रुमालात आला होता, घासूनपुसून लख्ख. पानाच्या घडीत मळाचा कण नव्हता. मुकादम, बघ म्हणावं. म्हणजे घर मोडलेलं नाही. म्हणजे कुणीतरी या चमच्यानं रोज खातं, रोज तो घासतं, आणि त्या कुणीतरीनं ही पोर पाठवली आहे. आठवण झाली तर शेवटी! बाईंनी तेवढ्यात मनात सगळं बोलूनही घेतलं. तिच्यावर रागवायचं नाही. थोडंसंच रागवायचं. बोलावणार होतीस ना गं, एवढंच विचारायचं, आणि मग काही विचारायचं नाही.

"वापरातला दिसतोय," त्या म्हणाल्या. आवाज जमेल तितका कोरडा ठेवला होता.

"हो. आईचा आहे."

"मग आईनंच पाठवलं असेल तुला."

"नाही," मुलगी म्हणाली. "आई गेली. दोन वर्षं होतील आता."

बाईंनी भिंग डोळ्यावरून काढलं नाही. भिंगामागं वेल वाकडीतिकडी झाली, मग दिसेनाशी झाली.

"मग हे चमचे..." त्या कशाबशा म्हणाल्या. "विकले नाहीत तुम्ही?"

"भाऊ म्हणत होता, ठसा नाही नि काही नाही, देऊन टाक भंगारात. मी म्हटलं, हात तर लावून बघ! आईचे चमचे मी विकू देईन होय? आम्ही रोज त्यानंच जेवतो."

दोन वर्षं. दोन वर्षं पोत्यांत हात घालून बाई "नाही" म्हणत होत्या आणि समाधानानं खुर्चीत बसत होत्या. सगळा हिशेब त्यांनी बरोबर मांडला होता, फक्त हे एक धरलं नव्हतं की थोरलीला अशी मुलगी असेल. ज्याला थोरलीचा श्वास समजून त्या निवांत होत्या, तो या पोरीचा हट्ट होता. आणि तिच्यावर चिडावं तर कशासाठी? आईचे चमचे सांभाळले म्हणून?

"काकू, बरं वाटत नाहीये का तुम्हाला? पाणी देऊ?"

"पाणी नको. तू बस." बाईंनी पायानं स्टूल पुढं सरकवलं. "ठसा नाही, किंमत येणार नाही. मग बनवणारा कशाला हवाय तुला?"

"कारण असे अजून सहा आहेत."

"कुणी सांगितलं?"

"सांगितलं असं नाही, तोंडातून निसटलं तिच्या." मुलगी बसली. बसताना तिनं एक पाय स्टुलाच्या दांडीवर ठेवला, आणि बाईंना खिडकीबाहेर बघावं लागलं, कारण थोरली अशीच बसायची. "मी लहान असताना आई मला जुन्या सामानाच्या दुकानांत न्यायची. कुठंही जाऊ, वाटेत असलं दुकान दिसलं की आत. घ्यायची काही नाही. नुसती चमच्यांच्या खोक्यांत हात घालायची, अगदी तळापर्यंत. मला लाज वाटायची. दुकानदार ओरडायचे. आणि काही मिळालं नाही की इतकी खूश व्हायची! बाहेर येऊन मला फुगा घेऊन द्यायची. एकदा मी चिडून म्हटलं, मिळाले नाहीत तर हसतेस काय? तर म्हणाली, बाकीचे सहा नाही मिळाले ना, म्हणजे ती अजून जेवतेय."

मालक हातातलं फडकं तसंच धरून उभे होते.

"ती कोण, हे विचारलं की म्हणायची, चल, उशीर होतोय. एकदा मला घेऊन लांब कुठंतरी गेली, तर तिथं सगळी गोदामं. रखवालदाराला म्हणाली, इथं राहणारी माणसं कुठं गेली हो? तो म्हणाला, मला काय माहीत? बसमध्ये रडत होती सगळा वेळ. शेवटी शेवटी तिला चालवत नव्हतं, तेव्हा मला पाठवायची. जा, बघून ये. मी येऊन सांगायचे, नाही मिळाले. मग शांत झोपायची."

"आमच्याकडं नाही आली कधी?" बाईंनी विचारलं.

"नाही. हे आमच्यापासून फार लांब पडतं."

बाईंनी मान हलवली. लांब पडतं. बसनं दुपार गेली असती, इतकंच. काय बाई तरी, दोघींनी सगळ्या जगातले चमचे चाळले आणि एकमेकींच्या ट्रेपर्यंत हात पोचले नाहीत.

"बनवणारा कळला तर बाकीचे सहा कुणाकडं गेले ते कळेल," मुलगी सांगत होती. "आणि मग ती सापडेल. मला तिच्याकडून काही नकोय हो. चमचे पण नकोत. आई गेली, एवढं तिला सांगायचंय. नाहीतर ती बसेल वाट बघत."

बाईंनी चमचा दोन्ही हातांत धरला. किती तरी माणसांना त्यांनी या टेबलापाशी बसून सांगितलं होतं, कुणाचा माल, कुठली नक्षी. जीभ कधी अडखळली नव्हती. आज त्यांनी आधी चमच्याच्या कोऱ्या पाठीवरून अंगठा फिरवला.

"साचा कोरला माझ्या बाबांनी," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुझ्या आजोबांनी. नक्षीला नाव नाही. ठेवायच्या आतच मोडली ती. आणि बाकीचे सहा माझ्या घरी आहेत, फळीवर."

मुलगी बघतच राहिली. चमच्याकडं, मग बाईंच्या तोंडाकडं.

"मग ती... तुम्ही..."

"जेवतेय गं," भिंगबाई म्हणाल्या, आणि भर दुकानात, मालकांसमोर, लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. "रोज जेवतेय. एकटीच जेवतेय."