वाघुळबेटाची सहल

लग्नाला पावणेदोन वर्षं झाली तरी रखमाने आपल्या नवऱ्याला मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं. लालबागच्या चाळीतली खोली दहा बाय बाराची आणि माणसं नऊ. सासू-सासरे, थोरले दीर सीताराम, जाऊ, त्यांची तीन मुलं आणि ही दोघं. संपाआधी निभत होतं. सीताराम पहिल्या पाळीला, रखमाचा नवरा जयवंत दुसऱ्या पाळीला. भोंगा झाला की कोणीतरी उठून जायचं आणि तेवढी जागा मोकळी व्हायची. ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरण्या बंद पडल्या आणि सगळे पुरुष घरी आले. भिंतीला पाठ लावून बसले ते वर्ष सरलं तरी बसलेलेच. नवराबायकोने दोन शब्द बोलायचे तर जिन्याखाली नाहीतर नळावर, तेही चारचौघांच्या देखत.

रखमा वरळी कोळीवाड्यात राधाबाईकडे जवळा निवडायला जाऊ लागली. राधाबाईचा मुलगा उत्तम हा साचेखात्यात जयवंतच्या शेजारचा विणकर. संप लांबला तसा तो बापाच्या होडीवर परत गेला होता. दोघांची दोस्ती अशी की गिरणीत डबा एकाचाच असला तरी जेवायचे दोघं.

एक दिवस जयवंत रखमाला न्यायला आला तेव्हा उत्तम जाळं उलगडत बसला होता. म्हणाला, "जया, लग्न झाल्यापासून वहिनीला कुठं फिरवलंस काय रे?"

"कुठं फिरवणार? मोर्चात नेली दोनदा."

उत्तम हसला नाही. जरा विचार करून म्हणाला, "अलिबागच्या अंगाला पाण्यात एक बेट हाय. आम्ही वाघुळबेट बोलतो. माड हायत, पडका बुरूज हाय, पाण्याची विहीर हाय. माणूस कोण नाय. सोमवारी त्या बाजूला जाळी टाकायला जातो. तुम्हाला सोडतो, बुधवारी उचलतो. दोन दिवस तुम्ही राजा-राणी."

रखमाला वाटलं, जयवंत नाही म्हणेल. तो लगेच हो म्हणाला. इतक्या घाईने म्हणाला की तिलाच नवल वाटलं.

घरी सांगितलं, रेवदंड्याला मावसबहिणीकडे जातो. सासू म्हणाली, "जावा. हंय बसान तरी काय करतलास?" सीतारामभावजी संपाच्या कमिटीत होते, ते हँडबिलांचे गठ्ठे बांधत होते, त्यांनी मान वर केली नाही. म्हणजे ही दोघं खरी कुठे आहेत हे जगात एकट्या उत्तमलाच ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी होडीने त्यांना कंबरभर पाण्यात उतरवलं. डोक्यावर तांदूळ, सुकट, एक टोप, काडेपेटी, पाण्याचा डबा आणि घोंगडी. उत्तमने लांबूनच हात हलवला आणि होडी निघून गेली. तिच्या इंजिनाची फटफट थांबल्यावर रखमाला एकदम भीती वाटली. एवढी शांतता तिने गाव सोडल्यापासून ऐकली नव्हती.

आणि मग जयवंत सुटला. दुसरा शब्द नाही. कपडे काढून पाण्यात घुसला, माडावर चढायला गेला, अर्ध्यावरून छाती सोलून खाली आला, पुन्हा चढला. बुरुजात शिरला तशी शे-दोनशे वटवाघळं त्याच्या डोक्यावरून भरारा बाहेर पडली आणि तो पोट धरून हसत सुटला. तो मोठ्याने हसताना घोड्यासारखा खिंकाळतो हे रखमाला त्या दिवशी कळलं. दोघांनी बुरुजाच्या आतून वर जाणारी ढासळलेली वाट शोधली, आणि एकमेकांचा हात धरून ती माथ्यावर पोचली. चारी बाजूंना पाणी. मुंबई कुठल्या दिशेला तेही कळेना.

"माझं नाव घे," जयवंत म्हणाला.

"इश्श. उखाण्यात घेतलं की लग्नात."

"तसं नाही. हाक मार. ओरड. इथं कोण ऐकतंय?"

पहिल्यांदा तिचा आवाज फुटेना. मग ती ओरडली, "जयवंत!" पुन्हा ओरडली. घसा बसेपर्यंत ओरडली. तो डोळे मिटून ऐकत उभा राहिला होता.

मंगळवारी दुपारी ओहोटी लागली तेव्हा बेटापासून पन्नास-साठ पावलांवरचा एक खडक उघडा पडला. त्याला कालवं लगडलेली. जयवंत म्हणाला, आज कालवांचं जेवण. तो कोयती घेऊन गेला. रखमा काठावर चूल मांडत होती. दोन-तीनदा तिने हाक मारली, पाणी चढतंय, या आता. तो आणखी एक, आणखी एक करत राहिला. परत निघाला तेव्हा पाणी मांडीपर्यंत आलं होतं. मधल्या दगडावर पाय सटकला आणि उजव्या पायाची पोटरी कालवांच्या कडांवर घासत गेली. शिंप्यांची धार ती, वस्तऱ्यासारखी. तो लंगडत काठावर आला, जखम बघून म्हणाला, "साच्यावरचा धोटा उडून लागायचा तेव्हा याच्यापेक्षा जास्त रक्त यायचं." तिने लुगड्याची पट्टी फाडून बांधली. कालवं भाजून खाल्ली. चवीला फार छान होती.

बुधवारी दोघं सकाळपासून काठावर बसली. उत्तम आला नाही. दुपार टळली, पाणी पिवळं पडलं, तरी होडी दिसेना. त्या वेळी रखमाच्या मनात काय आलं ते तिने पुढे कधी कोणाला सांगितलं नाही. तिला आनंद झाला. आणखी एक दिवस मिळाला, असं वाटलं.

गुरुवारी पट्टी सोडली तर पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, कातडी ताणून चकचकीत झालेली आणि जखमेभोवती काळपट निळे फोड. अंग तापलं होतं. विहिरीचं पाणी मचूळ होतं, पण आता तेच प्यायचं. लांबवर एक मचवा जाताना दिसला. रखमा म्हणाली, "बुरुजावर जाळ करते. ते बघतील, येतील."

"नको," जयवंत म्हणाला. "कस्टमवाले आले तर? इथं सोनं उतरवतात म्हणे. आपल्याला स्मगलर समजून धरतील. घरी कळेल. उत्तम येतोच आज."

तिने ऐकलं. नवऱ्याचं ऐकायची सवय होती, म्हणून ऐकलं.

दुपारनंतर तो बरळू लागला. आधी साच्यांची नावं, मग आईला हाका. मग एकदम तिचा हात घट्ट धरून स्पष्ट बोलला. "सोमवारी पहिली पाळी आहे. सही करून आलोय मी हापिसात. दादाला सांगू नको हां. दादा मला मारेल."

संप फोडून कामावर जायची सही. सख्खा भाऊ कमिटीत असताना. सहलीला हो म्हणायची घाई, माडावर चढणं, ते हसणं, सगळं तिला त्या क्षणी कळलं. सोमवारनंतर या माणसाला चाळीत तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती, आणि ते ठाऊक असून तो तिला घेऊन इथे आला होता. तिने त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं.

शुक्रवारी उजाडताच तिने कोणाला विचारलं नाही. वाळलेल्या झावळ्या ओढत बुरुजावर नेल्या, घोंगडीही वर टाकली आणि पेटवलं. धूर बघून थळच्या कोळ्यांची एक होडी वळली. चौघांनी जयवंतला झोळीत घालून उचललं. त्यातल्या म्हाताऱ्याने पायाचा वास घेतला आणि रखमाकडे न बघता तांडेलाला म्हणाला, "सरळ भाऊच्या धक्क्याला घे. थांबू नको."

परळच्या हॉस्पिटलात शनिवारी सकाळी त्याचा पाय गुडघ्याच्या वर कापला. डॉक्टर म्हणाले, बुधवारी आणला असता तर पाय राहिला असता. रखमाने बुधवार एवढाच शब्द ऐकला.

उत्तम आला तो रविवारी. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसला, पुढे येईना. रखमा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"होडी बिघडली होती?"

"नाय."

"आजारी होता तुम्ही?"

"नाय वहिनी." त्याने मान खाली घातली. "मंगळवारी मीटिंग झाली. आत जाणाऱ्यांची यादी मिळालेली कमिटीला. जयाचं नाव त्यात. सीतारामनेच वाचलं. बोलला, माझा भाऊ म्हणून सोडायचा नाय. उद्या सोमवारी गेटवर पोरं उभी राहणार हायत, सळ्या घेऊन. मी मनात बोललो, राहू दे बेटावर. सोमवार टळला की आणतो. विहीर हाय, मासे हायत, काय होणार हाय?"

"म्हणजे त्याला वाचवायला ठेवलंस तिथं?" तिच्या तोंडून एकेरी आलं आणि तिने ते मागे घेतलं नाही.

"तसं बोलू शकलो असतो," तो म्हणाला. "पण खोटं होईल. राग पण होता, वहिनी. तेरा महिने माझ्या पोरांनी आंबील पिऊन काढले. आणि हा गुपचूप जाऊन सही करून येतो? मला वाटलं, बस तिथं. बस उपाशी."

"मी पण होते तिथं."

त्याने वर बघितलं. हे त्याच्या ध्यानातच आलं नसावं, असं त्याचं तोंड झालं.

"जा," ती म्हणाली. "आणि त्याला यातलं काही सांगितलंस तर मी जीव देईन."

सोमवारी गेटवर खरोखरच आत जाणाऱ्या दोघांची डोकी फुटली. त्यातला एक, दगडू नावाचा, त्याच हॉस्पिटलात जयवंतच्या पलीकडच्या खाटेवर आला आणि तिसऱ्या दिवशी गेला. सीतारामभावजी भावाला बघायला आले, खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, जिथे पांघरुणाखाली काही नव्हतं तिथे बघत राहिले आणि न बोलता परत गेले. चाळीला एवढंच कळलं की सहलीत अपघात झाला आणि कोळ्याची होडी बिघडली. ऑक्टोबरमध्ये रखमाला मुलगी झाली.

संप मिटला असं कोणी कधी सांगितलंच नाही. गिरणी चार साच्यांवर कुथत चालली, मग तीही थांबली. सीताराम बायकोमुलं घेऊन गावी गेले. सासरे गेले, सासू गेली. खोली मोकळी झाली. जयवंत गॅलरीत लाकडी सुई घेऊन मासेमारीची जाळी विणायला लागला. उत्तम नायलॉनचा दोरा आणून द्यायचा, झालेलं जाळं घेऊन जायचा. विणकराचा हात, गाठ अशी बसायची की कोळीवाड्यात जयाचं जाळं म्हणून मागायचे. दोघं मित्र गप्पा मारत, तंबाखू मळत. रखमा दोरा घ्यायची, जाळं द्यायची आणि आत जायची. उत्तमला तिने अकरा वर्षांत पाण्याचा पेला विचारला नाही. जयवंत म्हणायचा, "काय गं, माणुसकी सोडलीस? त्याची होडी बिघडली त्यात त्याचा काय दोष?" ती भांडी आपटायची.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात उत्तमने आपल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आणून दिली. जयवंत खुशीत होता. कुबडीला नवीन रबर बसवून आणायला सांगत होता. रखमा पीठ मळत होती. ती थांबली आणि सगळं बोलून गेली. मंगळवारची मीटिंग, यादी, सळ्या, बाकावरचं बोलणं. पिठाचे हात तसेच ठेवून.

जयवंतने मधे एकच विचारलं. "सहीचं तुला कुणी सांगितलं? त्यानं?"

"तुम्हीच. तापात."

"म्हणजे अकरा वर्षं तुला माहीत आहे."

ती हाताचं पीठ सोडवत राहिली. तो गॅलरीत जाऊन बसला. दुपारी जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही सुई हातात धरली नाही.

रविवारी उत्तम दोऱ्याचं बंडल घेऊन वर आला. रखमा दारातच उभी राहिली. आज काय व्हायचं ते होऊ दे, असं तिला झालं होतं. जयवंतने मित्राला समोर बसवलं.

"उत्तम, त्या बुधवारी होडी काढली होतीस?"

उत्तमने रखमाकडे बघितलं, मग जयवंतकडे. "नाय."

"गुरुवारी?"

"नाय रे."

खाली मुलं क्रिकेट खेळत होती. त्यांचा चेंडू गॅलरीच्या कठड्यावर आपटून खाली गेला. जयवंत आपल्या दुमडून पिन लावलेल्या पायजम्याच्या पायाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दगडूला आणलं होतं ना, माझ्या शेजारच्या खाटेवर. तीन दिवस तो पाणी पाणी करत होता. मी ऐकत होतो. तेव्हापासून मला वाटतंय, तो माझ्या जागी मेला. हे मी कुणाला बोललो नव्हतो." त्याने हात पुढे केला. "आण दोरा. हा बारीक आहे. पापलेटाच्या जाळ्याला चालणार नाही. पुढच्या खेपेला जाडा आण."

उत्तम रडायला लागला. पन्नाशीचा माणूस, तोंडावर पंचा धरून गदगदत राहिला. जयवंत त्याच्या पाठीवर हात ठेवून बसला होता.

रखमा आत आली. तिला वाटलं होतं, नवरा चिडेल, शिव्या देईल, निदान एकदा तरी कुबडी उगारेल, आणि मग तिला एवढी वर्षं उराशी धरलेलं खाली ठेवता येईल. त्या दोघांनी आपलं आपण मिटवलं. तिला कोणी काही विचारलं नाही. बेटावर तीही होती, विहिरीचं मचूळ पाणी तीही प्यायली होती, त्याच्या पायाचा वास तिने दोन दिवस एकटीने घेतला होता.

मुलीने विचारलं, "आई, उत्तमकाकांना चहा टाकू?"

"टाक," रखमा म्हणाली. "तूच दे नेऊन." आणि बादली उचलून ती नळावर गेली. नळाला पाणी नव्हतं. तरी ती बादली खाली ठेवून तिथेच बराच वेळ उभी राहिली.