कुबडी लपवली त्या दिवशी

मी एक जुनी कुबडी आहे. बाभळीची. परभणीच्या दुकानात मिळतात तशी गुळगुळीत आणि पॉलिश केलेली मुळीच नाही. वर झाडाचंच बेचकं, त्यात लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या आणि खाली ट्रकच्या टायरचा तुकडा खिळ्यांनी ठोकलेला. दिसायला अशी ओबडधोबड असले तरी माझा तोरा पालखीच्या दांड्यालाही साधायचा नाही. मित्रांनो, तो दांडा वर्षातून एकदा देवाला उचलतो. मी रोज एका माणसाला उभं करत होते.

ते माणूस म्हणजे पिंगळीची सरजाबाई. कापूस वेचताना तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला. वेचणी सोडून घरी बसायचं कुणाला परवडतं? तिनं चुना लावला, चिंधी बांधली आणि काम चालू ठेवलं. पाय सुजला, काळा पडला आणि शेवटी परभणीच्या दवाखान्यात गुडघ्याखाली कापावा लागला. नवरा आधीच वारला होता. त्यानंतर कितीतरी महिने ती बसल्या बसल्या सरपटत राहिली. चुलीपासून उंबऱ्यापर्यंत आणि उंबऱ्यापासून न्हाणीपर्यंत. लुगडं मागून फाटायचं, तळहात सोलून निघायचे. सरपटणाऱ्या माणसाला दुसऱ्यांची फक्त पायताणं दिसतात, चेहरे दिसत नाहीत.

लिंबाजी सुतारानं तिला तसं एकदा पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी बांधावरच्या बाभळीचं एक बेचकं तोडून आणलं. "बाभळीनं नेलाय, तर बाभळीनंच द्यावा की," एवढंच तो म्हणाला. सरजाबाईला चौकटीला धरून उभं केलं, काखेपासून जमिनीपर्यंत दोरीनं माप घेतलं आणि मला तासलं. सुरुवातीला आमचं दोघींचं अजिबात जमलं नाही. ती पडायची आणि शिव्या मला खाव्या लागायच्या. पण एका पौर्णिमेला ती मला काखेत घेऊन चालत विहारात गेली. बाया उठून उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून ती पुन्हा सगळ्यांच्या डोळ्याला डोळा देऊन बोलू लागली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मानाचा दिवस.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींचे तळ उघडे पडले, झाडांना पानं राहिली नाहीत. सरकारनं पिंगळी स्टेशनच्या पलीकडे पाझर तलावाचं काम काढलं. सरजाबाईची मुलगी सत्यशीला तिथं माती वाहायला जाऊ लागली. तिचा नवरा काम शोधायला म्हणून गेला तो परत आला नव्हता, आणि तिच्या पदरात अंगावर पिणारी पोर होती. ज्यांच्यानं काम होत नव्हतं, म्हणजे आंधळे, पांगळे आणि अगदी म्हातारे, त्यांना दर बाजारच्या दिवशी सरकार धान्य द्यायचं. लाल रंगाची परदेशी ज्वारी. लोक तिला मिलो म्हणायचे. तिची भाकरी थापतानाच तुटायची आणि खाताना घशात अडकायची, पण त्या वर्षी तीच मोलाची होती. सरजाबाई आपल्या वाटणीतली अर्धी भाकर लेकीच्या ताटात सरकवायची, म्हणून पोरीला दूध मिळत होतं. हे घरात कुणी बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि एके दिवशी कामावरचा मुकादम सिताराम निरोप घेऊन आला. माणूस वाईट नव्हता, पण साहेब म्हटलं की त्याच्या तोंडचं पाणी पळायचं.

"सरजाबाई, वरून आलंय," तो ओट्यावर टेकत म्हणाला. "फुकटचं धान्य लय वाटलं जायलंय म्हने. कमी करायचं हाय. परभणीहून साहेब येनार, मुआयना करनार, एकेकाला तपासनार. ज्याला जराबी काम जमतं, त्याचं बंद."

तुम्हाला सांगते, त्या एका निरोपानं गावातली सगळी अधू माणसं लपवालपवीला लागली. मंदिरामागे राहणारा रंगनाथ जन्माचा आंधळा. हाताच्या अंदाजानं तो इतके सुरेख दोर वळायचा की बैलवाले त्याच्याकडेच यायचे. त्यानं वळलेले सगळे दोर कडब्याखाली लपवले. म्हातारी पार्वतीबाई दळता दळता जात्यावर ओवी म्हणायची, तिनं दळणं आणि गाणं दोन्ही सोडलं. उलटंच होऊन बसलं होतं सगळं. जन्मभर या माणसांनी आपल्याला काय येत नाही ते झाकलं होतं. आता काय येतं ते झाकायची पाळी आली.

सिताराम जाता जाता माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आनि ही दिसता कामा नये. फाटकं लुगडं नेस, साहेबाम्होरं सरपटत ये. ही काखेत बघितली की साहेब म्हनल, ही तर तुरुतुरु चालायली."

"मी न्हाई सरपटनार," सरजाबाई म्हणाली. "धान्य देत्यात का तमाशा बघत्यात?"

सिताराम गेला आणि मायलेकींची जुंपली. सत्यशीलेनं पोरीला खाली ठेवलं.

"माय, एकडाव. एकडावच सरपट. साहेब बघून जाईल, मग चाल की खुशाल."

"तुला काय जातंय सांगायला? ते दिवस तू बघितलेस ना?"

"बघितले की. मीच तुझे हात धूत होते." सत्यशीलेचा आवाज फाटला. "पन माझं दूध आटायलंय, माय. तुझी मिलो गेली तर हिला काय पाजू मी?"

सरजाबाईनं मला भिंतीला टेकवलं आणि माझ्याकडे पाठ करून बसली. माझा राग तिला यावा असं मी काय केलं होतं? पण खरं सांगू, त्या घडीला मला स्वतःचीच लाज वाटली. मी इतकी उपयोगाची नसते तर त्या पोरीचं दूध पक्कं झालं असतं.

मुआयन्याचा दिवस उजाडला. काम गावापासून लांब, मध्ये रुळांची चढण. तिथवर सरपटत जाणं शक्यच नव्हतं, म्हणून सरजाबाई मला घेऊनच निघाली. तळ्याजवळ पोचल्यावर मला कुठं लपवायचं हा पेच पडला. आडोशाला एक झुडूप धड उभं नव्हतं. तिकडून साहेबांच्या जीपची धूळ दिसू लागली.

शेजारी रंगनाथ उभा होता. "माझ्याकडं दे, सरजाबाई," तो म्हणाला. "आंधळ्याच्या हातात काठी असतीच. कुनाला काय कळतंय?"

दोघांनाही ते पटलं. भीतीनं अक्कल गहाण पडते ती अशी. रंगनाथनं कुबडी आयुष्यात कधी पाहिलेलीच नव्हती. माझी फक्त टक टक त्याच्या ओळखीची. त्याची चिंचेची काठी त्यानं मुकाट्यानं बसलेल्या पार्वतीबाईकडे दिली, मला चाचपलं, वरचं बेचकं हाताला लागलं आणि तो भला माणूस मला काखेत घालून अगदी ऐटीत उभा राहिला. दोन धडधाकट पायांवर! मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

साहेब उतरले. उन्हानं लालबुंद झालेले, कपाळावर आठ्या, रुमालानं मान पुसत. पहिलं नाव सरजाबाईचं पुकारलं गेलं.

ती सरपटली. तापलेल्या मुरुमावरून, हात टेकत, फाटकं लुगडं सावरत, सगळ्या कामावरच्या माणसांदेखत. पाट्या घेऊन जाणाऱ्या बाया जागच्या जागी थांबल्या. बांधावर उभ्या सत्यशीलेनं पोरीचं तोंड आपल्या छातीत दाबून धरलं, जणू त्या तान्हीला ते कळणार होतं.

साहेबांनी एकदा पाहिलं. "हं. हिचं चालू ठेवा."

झालं. पोरीचं दूध वाचलं. मी सुटकेचा श्वास सोडणार, एवढ्यात रंगनाथचं नाव पुकारलं गेलं. तो मला काखेत घेऊन पुढे झाला.

"याला काय झालंय?"

"आंधळा हाय साहेब, जन्माचा," सिताराम म्हणाला.

"आंधळा?" साहेबांची नजर माझ्यावर येऊन थांबली. "मग कुबडी कशाला? पाय तर चांगले आहेत. सोंगं घेऊन येता काय रे सगळे?" त्यांनी मला त्याच्या काखेतून ओढून घेतलं. "कुणाची ही?"

सिताराम पायाखालची माती बघू लागला. रंगनाथला आपण काय केलं ते आता कळलं. पण त्यानं सरजाबाईचं नाव घेतलं नाही.

"माझीच हाय साहेब."

"तुझी? बरं. याचं बंद करा. सोंगाड्याला धान्य नाही."

मित्रांनो, मी साहेबांच्या हातात होते. त्यांनी मला उलटं धरलं होतं, टायर वर आणि बेचकं मातीत. तिथून मला सरजाबाई दिसत होती. ती खाली बसली होती, धान्य मंजूर झालेली. तिनं फक्त गप्प बसायचं होतं. तिनं बांधाकडे पाहिलं. सत्यशीला मान हलवत होती, नको माय, नको. सरजाबाईनं डोळे मिटले, उघडले आणि मोठ्यानं म्हणाली,

"साहेब, ती माझी हाय. त्येच्या डोळ्यांत सोंग न्हाई. सोंग मी घेतलं."

साहेब वळले. "म्हणजे तुला चालता येतं?"

"येतं की."

"मग सरपटत कशाला आलीस?"

"चालत आले असते तर तुमी धान्य तोडलं असतं."

साहेबांचा आवाज चढला. "चालता येतं तर काम कर. हलकं काम देऊ. मजुरांना पाणी वाटायचं."

"आना इकडं ती कुबडी," सरजाबाई म्हणाली.

साहेबांनी मला दिलं की तिनं घेतलं, ते मला आजही सांगता येणार नाही. ती माझ्यावर भार टाकून उभी राहिली. पाण्याच्या रांजणाशी गेली आणि मोकळ्या हातानं घागर धरली.

"बघा साहेब. ह्यो एक हात हिनं धरलाय. हिला सोडलं तर मी पडते. ऱ्हायला एक. त्या एका हातानं घागर भरू, उचलू, का वतू?"

तिनं घागर उचलली. दोन पावलं गेली असेल नसेल, घागर कलंडली आणि पाणी मुरुमावर सांडलं. त्या वर्षी सांडलेलं पाणी बघणं फार अवघड होतं. कुणी ओरडलं नाही. मातीनं ते लगेच पिऊन टाकलं आणि सगळे त्या ओल्या डागाकडे बघत राहिले.

"आंधळ्याचं चालू ठेवा," साहेब म्हणाले. "हिचं वर कळवतो. तोवर बंद." आणि जीपमध्ये जाऊन बसले.

बाजारच्या दिवशी तलावाच्या कामावरच धान्याच्या पोत्यांसमोर नावं पुकारली गेली. रंगनाथचं नाव आलं, पार्वतीबाईचं आलं, सरजाबाईचं आलं नाही. सत्यशीला त्या दिवसापासून आईशी एक शब्द बोलली नव्हती. ती पाटी टाकून बांधावरून खाली आली. मला वाटलं, आता ही मला उचलून चुलीत घालणार. तिनं मला उचललंच, पण आईच्या काखेत नीट बसवलं आणि म्हणाली,

"चल माय. साहेबाच्या कचेरीत जाऊ. उभ्यानं सांग त्यांना."

मग आम्ही किती खेटे घातले म्हणून सांगू! रेल्वेनं परभणी, तिथून कचेरी, कचेरीच्या पायऱ्या, व्हरांडा. दर वेळी साहेब दौऱ्यावर. घरात रंगनाथच्या मिलोतल्या ओंजळी यायच्या, पार्वतीबाई पोरीसाठी ताक आणायची, आणि सत्यशीला उपाशी पोटी माती वाहायची. पोर जगली, पण त्या वर्षी ती रांगायची राहिली ती राहिलीच. अशक्तपणानं ती फार उशिरा उभी राहिली.

शेवटी मंजुरी आली. सिताराम ती सांगायला धावतच आला. पण तोवर पावसानं नाले वाहू लागले होते, तलावाचं काम बंद झालं होतं आणि कामाबरोबर धान्यही. सरजाबाई ते ऐकून हसली. मी तिच्या काखेत होते, तिच्या हसण्यानं मी हलले, आणि मग ती हसत नाहीये हे मला कळलं.

आता सरजाबाई नाही. दुष्काळातली ती तान्ही नात आता शाळेत जाते आणि मी तिच्या घरात खुंटीला टांगलेली आहे. माझं बेचकं तडकलंय, टायर झिजलाय. मला तेल लावा, जपा, असं म्हणायला मला आवडलं असतं. आमच्यासारख्या वस्तूंनी शेवटी तेच म्हणायचं असतं. पण माझं मागणं वेगळं आहे. तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातलं कुणी साहेबही होईल. एखादं अधू माणूस तुमच्या दारात येईल आणि त्याला द्यायचं की नाही हे तुमच्या हातात असेल. तेव्हा मुलांनो, ते चालत आलं म्हणून त्याचं तोडू नका. आणि तोडायचंच ठरवलंत, तर निदान त्याला आधी सरपटायला लावू नका.