तेहतीस अंश

बाबांच्या कपाळावर ठेवलेला हात मी लगेच मागे घेतला. ताप उतरताना घामानं कपाळ गार लागतं, तसं ते नव्हतं. फ्रिजमधून काढलेल्या दुधाच्या पातेल्यासारखं, आतपर्यंत गार होतं. छाती वरखाली होत होती, पण तोंडात नळी होती आणि श्वास शेजारचं यंत्र देत होतं.

“गेले का गं?” आईनं माझ्या मागून विचारलं.

“नाही आई. त्यांना मुद्दाम गार केलंय.”

“मुद्दाम?”

“डॉक्टरांनी. मेंदू वाचावा म्हणून.”

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे मीच कुणाला तरी सुचवलं होतं.

२००६ चा फेब्रुवारी होता. आई-बाबा नागपूरहून आमच्याकडे अमेरिकेत, कॅरीला, सहा महिन्यांसाठी आले होते. आमच्या भागात मुलांकडे आलेले आईवडील दुपारी तळ्याभोवतीच्या पायवाटेवर फिरायला जातात. साडीवर जाड जॅकेट, पायांत जावयाचे जुने स्पोर्ट्‌स शूज. बाबा मात्र स्वेटरसुद्धा हातात धरून फिरायचे. “नागपूरचं ऊन सत्तर वर्षं साठवलंय मी,” म्हणायचे, “तुमची ही थंडी काय करणार?” आदल्या दुपारी बाकावर कुणाशी तरी बोलता बोलता ते खाली कोसळले. तिथे पळायला आलेल्या एका अनोळखी माणसानं अँब्युलन्स येईपर्यंत त्यांची छाती दाबली. हृदय पुन्हा सुरू झालं. पण ते बंद असताना मेंदूला किती वेळ रक्त मिळालं नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

आयसीयूतल्या डॉक्टरांनी मला उपचार समजावून सांगितला. वयानं माझ्याहून लहान, बोलायला सावकाश. शरीर गार केलं की मेंदूची गरज कमी होते, त्याला सावरायला वेळ मिळतो. सगळीकडे हे अजून करत नाहीत, आम्हीही नुकतंच सुरू केलंय, असं त्यांनी आपण होऊन सांगितलं. बाबांच्या छातीवर, पोटावर आणि मांड्यांवर निळसर, चिकट, गुबगुबीत पट्ट्या लावल्या होत्या. त्यांतून नळ्या निघून पलंगाच्या पायथ्याशी असलेल्या, वॉशिंग मशीनच्या निम्म्या आकाराच्या पेटीत जात होत्या. पेटी त्या पट्ट्यांमधून थंड पाणी फिरवत होती. तिच्या पडद्यावर दोन आकडे होते. एक बाबांचं तापमान, दुसरं पाण्याचं. बाबांचं तेहतीस अंश ठेवायचं होतं, उद्यापर्यंत. मग हीच पेटी पाणी कोमट करत करत त्यांना हळूहळू गरम करणार होती.

“आणि मग?” मी विचारलं.

“मग कळेल,” डॉक्टर म्हणाले.

मी हे सगळं आईला सांगितलं, काहीही न गाळता. ती शिक्षिका होती, आकडे तिला समजतात. तेहतीस म्हणजे फॅरनहाइटमध्ये किती, हे तिनं विचारलं. मी एक्क्याण्णव म्हटलं.

“आपल्या थर्मामीटरवर तर हा आकडासुद्धा नाही गिरिजा. तो चौऱ्याण्णवपासून सुरू होतो.” थोड्या वेळानं ती म्हणाली, “ज्या आकड्याला माणूस जिवंत असतो, तिथून सुरू होतो तो.”

मी पडद्यावरचा आकडा पुन्हा पाहिला.

सकाळची नर्स डेनिस. उंच, केस पिकलेली, चष्मा दोरीनं गळ्यात. तिनं आईसाठी आरामखुर्ची ओढून आणली. आई त्या खुर्चीत बसलीच नाही. ती बाबांच्या पायांशी उभी राहिली आणि चादरीखाली हात घालून तळपाय चोळू लागली. मग पर्समधून तिनं एक पुडी काढली. सुंठ. माणूस गार पडला की तळपायांना सुंठ चोळायची, आमच्याकडे सगळ्याच घरांत हे करतात. डेनिस परत आली, दारातच थांबली आणि हवेत वास घेऊन म्हणाली, “इथे कुणी आल्याचा केक भाजतंय का? आणि मला विचारलंसुद्धा नाही?”

मी सांगितलं. तिनं तळपाय वाकून पाहिले. “आलं? असू दे. फक्त माझ्या पट्ट्यांना लागू देऊ नका.”

“काय म्हणाली?” आई.

“चालेल म्हणाली.”

“चालेल म्हणजे काय! तिच्या घरचं थोडंच आहे?” आणि ती पुन्हा चोळू लागली. पाय गरम होत नव्हते. तिचे हात गार होत होते. ते तोंडाशी नेऊन ती फुंकर घाली आणि पुन्हा चादरीखाली घाली.

मला खरी भीती वाटली ती बाबांच्या जबड्यामुळे. तो एकाएकी थरथरायला लागला, मग खांदे. मी डेनिसला ओरडून बोलावलं. मला वाटलं, ते शुद्धीवर येताहेत आणि त्यांना थंडी वाजतेय, आणि ते आम्हाला सांगू शकत नाहीत. ती म्हणाली, शुद्धीवर नाहीत, शरीर आपणहून कुडकुडतंय. तिनं सलाइनमधून औषध वाढवलं. थरथर थांबली. ती थांबलेली पाहून मला बरं वाटायला हवं होतं, पण त्या दिवसातली बाबांची स्वतःची अशी ती एकच हालचाल होती.

संग्राम, माझा नवरा, दुपारी डबा घेऊन आला. बाहेर कॉरिडॉरमध्ये आईचं आणि त्याचं काहीतरी बोलणं झालेलं मी काचेतून पाहिलं. नंतर तो मला म्हणाला, “अगं, आईंची कंबर फार धरलीये. त्यांची ती शेकायची पिशवी मागवली होती, आणून दिली. फॅमिली रूममधल्या कॉफी मशीनचं गरम पाणी घ्या म्हटलं, कडक असतं ते.”

“कंबर? मला काही बोलली नाही.”

“तुला कशाला बोलतील यार, तू ओरडशील.”

मला ते खरं वाटलं. मुलीपेक्षा जावयाकडे मागणं आईला नेहमीच सोपं गेलं होतं. जावई कारण विचारत नाही.

त्यानंतर पेटीच्या पडद्यावरचा दुसरा आकडा उतरायला लागला. बाबांचं तापमान तेहतीसच्या थोडं वर सरकत होतं, आणि ते खाली आणायला पेटी पाणी आणखी थंड करत होती. डेनिस आली, पाहून गेली, परत आली. मग डॉक्टरांना घेऊन आली. ते दोघं हळू बोलत होते, तरी मला ऐकू येत होतं. ताप चढतोय का? जंतुसंसर्ग? की मेंदूतली तापमान सांभाळणारी जागाच बिघडलीय? डॉक्टर म्हणाले, रक्त तपासायला पाठवा, आणि गरज पडली तर स्नायू पूर्ण सैल करणारं औषध देऊ.

“म्हणजे काय होईल?” मी विचारलं.

“कुडकुडणं अजिबात राहणार नाही. पण मग ते हलतात का, हेही आपल्याला दिसणार नाही.”

मी आईकडे पाहिलं. सगळ्या खोलीत तीच एक जागची हलली नव्हती. बाबांच्या पायांशी, दोन्ही हात चादरीवर, जशी काही ती चादर उडून जाणार होती.

“आई, हात काढ.”

“काहून?”

“काढ.”

मी चादर उचलली. निळी रबरी पिशवी, तिच्यावर आईनं विणलेलं लोकरी कव्हर, आणि त्यावर बाबांची दोन्ही पावलं. डाव्या टाचेवर एक लाल चट्टा उठला होता.

डेनिसनं पिशवी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली. टाच पाहिली. मग आईला उद्देशून, पण माझ्याकडे बघत म्हणाली, “त्यांना सांगा, गार अंगाला चटका लागतो आणि कळत नाही. त्यांचं अंग आम्हाला सांगू शकत नाही की दुखतंय.”

मी सांगितलं. आईचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं, ती भांडेल.

“किती वेळा भरलीत?” डॉक्टरांनी विचारलं.

“निवली की भरत होते,” आई म्हणाली. मी भाषांतर केलं.

डॉक्टरांनी रक्ताची तपासणी थांबवली नाही, पण स्नायू सैल करणारं औषध द्यायचं रद्द केलं. त्यांना राग आला असावा, तो त्यांनी दाखवला नाही. डेनिस गेली आणि जाड मोजे घेऊन आली. हात आणि पाय झाकले की कुडकुडणं कमी होतं, म्हणाली, तेवढं आम्हीही करतो, पण असं. तिनं एक मोजा आईच्या हातात दिला आणि एक स्वतः घातला. आईनं आपला मोजा फार सावकाश चढवला, आणि मग पहिल्यांदाच खुर्चीत जाऊन बसली. हात मांडीवर. त्या दिवशी पुन्हा तिनं बाबांना स्पर्श केला नाही.

आकडा तेहतीसवर परत आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पेटी उलटी चालू केली. तासाला पाव अंश. आईच्या चेहऱ्यावर थोडी तरतरी आली. “आता बरं वाटेल त्यांना,” ती म्हणत होती, “माणसाच्या अंगाला माणसासारखी ऊब हवी.” मी आकडा वाढताना बघत होते, आणि माझी भीती तिच्या उलट्या दिशेनं चालली होती. बाबा गार होते तोवर त्यांच्या निश्चल पडून राहण्याला कारण होतं. औषध होतं, थंडी होती, उपचार चालू होता. अंश वाढेल तसं एकेक कारण गळून पडत होतं. चौतीसला मी स्वतःला सांगितलं, अजून गारच आहेत. पस्तीसलाही तेच. छत्तीसला डेनिसनं गुंगीचं औषध कमी केलं आणि मला पेटीवर हात ठेवून ती थांबवावीशी वाटली. मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी काचेवरचं बर्फ क्रेडिट कार्डानं खरवडत होतं.

संध्याकाळी साडेछत्तीस झालं. पट्ट्या सोलून काढल्या. त्यांच्या जागी लाल चौकोन राहिले. बाबा गरम होते. आईनं विचारून, डेनिसकडे बघून, त्यांच्या गालाला हात लावला आणि रडली. मी त्यांना हाका मारल्या. दुखल्यावर हलतात का ते बघायला डेनिसनं नखावर पेन दाबून पाहिलं. डोळ्यांत टॉर्च मारला.

“औषध उतरायला वेळ लागतो,” डॉक्टर म्हणाले. आम्ही थांबलो. दुसऱ्या दिवशी थांबलो, त्याच्या पुढल्या दिवशीही. मेंदूच्या लहरींचा आलेख काढला. आई त्यांच्याशी बोलत राहायची, घरातल्यासारखंच, जरा रागावून. “अहो, उठा ना आता. किती झोपायचं? इथे लोक काय म्हणतील, नागपूरचे पाहुणे नुसते लोळतात.”

मग न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी आम्हाला पलंगाजवळच बसवून घेतलं. मी वेगळ्या खोलीत जायला नको म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, मेंदूचा जो भाग बाबांना बाबा करत होता, तो परत येणार नाही. यंत्र चालू ठेवलं तर शरीर काही काळ राहील. ठरवायला तुम्हाला वेळ आहे.

मी आईला सांगितलं. वाक्यं मी आधीच मनात मराठीत जुळवून ठेवली होती, त्यामुळे ती सरळ बाहेर पडली.

आईनं बाबांच्या दंडावर तळहात ठेवला.

“गरम आहेत,” ती म्हणाली.

“हो.”

“त्यांना परत गार करायला सांग.”

“आई...”

“सांग तर. गार होते तेव्हा सगळं ठीक चाललं होतं. डॉक्टरच म्हणत होते ना, मेंदूला वेळ मिळतो म्हणून. मी मध्येच पिशवी घातली आणि ते बिघडलं. या वेळी मी हात लावणार नाही गिरिजा. पायांशी उभीसुद्धा राहणार नाही. तिथे त्या खुर्चीत बसेन, बाहेर बस म्हणाले तर बाहेर बसेन. मोजे पण डेनिसच घालेल. पुन्हा लावा म्हणावं ते. तेहतीसवर आणा.”

न्यूरॉलॉजिस्ट बाई माझ्याकडे बघत होत्या. मी आईचं बोलणं इंग्रजीत सांगितलं, मोज्यांसकट. सांगताना मला कळलं की मीही उत्तराची वाट बघतेय, आणि ते ‘हो’ असावं असं मला वाटतंय.

बाई खुर्ची पुढे ओढून आईच्या समोर आल्या. त्या हळू बोलल्या, आणि दोनच गोष्टी बोलल्या. आई त्यांच्या ओठांकडे बघत होती.

“काय म्हणाल्या?”

“त्या म्हणाल्या, पिशवीमुळे काही झालं नाही. जे झालं ते तळ्यापाशीच झालं, हृदय बंद होतं तेव्हा. तू काहीही केलं असतंस किंवा नसतंस तरी.”

आईनं ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याची काही खूण दिसली नाही.

“आणि दुसरं?” तिनं विचारलं.

मग मी तिला दुसरं सांगितलं, की आता पुन्हा गार करून काही उपयोग नाही.