आईच्या पडद्यांचा स्कर्ट

आई गेल्यावर ग्लेनिसनं घर रिकामं केलं ते धाकट्या बहिणीला न विचारताच. रेविन मोटेलातल्या खोल्या साफ करून तिथे पोचली तोवर दाराला नवं कुलूप लागलं होतं. आईच्या वस्तूंचं काय केलंस, असं तिनं फोनवर विचारलं.

"कसल्या वस्तू? भंगार होतं सगळं," ग्लेनिस म्हणाली. "दिलं चर्चच्या दुकानात टाकून."

त्या जुन्या सामानाच्या दुकानात रेविनला आईच्या बैठकीचे पडदे सापडले. हिरवी मखमल. वर्षानुवर्षं एकाच खिडकीत लोंबकळून घड्यांच्या कडा उन्हानं विटल्या होत्या आणि कापडावर आपसूक पट्टे उमटले होते. दुकान सांभाळणाऱ्या बेव्हर्लीनं पडदे बांधून देताना विचारलं, "खिडकीला लावणारेस?"

"नाही, कमरेला," रेविन म्हणाली.

ओमारू गावात असलं काही ऐकून कोणाची भुवई वर जात नाही. दर हिवाळ्यात अख्खं गाव स्टीमपंकच्या नादानं वाफेच्या इंजिनांच्या जमान्यात जाऊन बसतं. बँकेतला गंभीर माणूस टोपीवर धुराडं लावून फिरतो आणि त्याची बायको पितळी चष्मा चढवून विमानाची कप्तान होते. पोशाख घरी शिवलेला आणि जुन्यापान्यातून काढलेला हवा, ही इथली ऐट. मिरवणुकीनंतर दगडी गोदामापुढच्या मंचावर बक्षिसं देतात, आणि देणारी उत्सवमंडळाची अध्यक्ष म्हणजे आपल्या ग्लेनिसबाई. रेविनला बक्षीस नको होतं असं नाही. पण त्याहून जास्त तिला आईचं काहीतरी अंगावर घालून एकदा त्या मंचावर उभं राहायचं होतं. दुसरं आईचं तिच्याकडे काही उरलंच नव्हतं.

पैशांची बोंब होती, तेव्हा डोकं चालवावं लागलं. पडद्याला वरच्या कडेला चुण्यांसाठी नाड्यांची पट्टी असते, ती तिनं उसवून काढली आणि स्कर्टच्या आतून, कमरेपासून घोट्यापर्यंत, उभी शिवली. नाड्या ओढल्या की मखमल चुण्या घेत गुडघ्यापर्यंत वर चढायची. गाठ मारली की तिथेच राहायची, सोडली की पुन्हा जमिनीवर. अस्तराला मोटेलनं टाकून दिलेली चादर लावली, कमरेला जुन्या दप्तराचे पट्टे, आणि त्यांच्यावर मोडक्या गजराच्या घड्याळाची चाकं. जाड मखमलीत मशीनच्या सुया तुटायला लागल्या तेव्हा तिनं कमर हातानंच शिवली. बोटांची चाळण झाली, पण स्कर्ट असा झाला की ती स्वतःच आरशापुढून हलेना.

मिरवणुकीत लोक तिला थांबवून विचारत होते, हे पट्टे कसे गं पाडलेस? ती मंचावर चढली तेव्हा खूप टाळ्या पडल्या. ग्लेनिस पुढे आली, तिनं स्कर्टची कड चिमटीत धरली आणि माइकवर रडायला लागली.

"हे आमच्या आईचे पडदे आहेत. यांच्याकडे बघत बघत आई गेली. आणि हिनं त्यांना कात्री लावली. कशासाठी, तर नटायला."

टाळ्या थांबल्या.

"तूच टाकले होतेस ते," रेविन म्हणाली. पण माइक ग्लेनिसच्या हातात होता. रेविननं गर्दीत बेव्हर्लीला शोधलं. "बेव्हर्ली, सांग ना यांना. तुझ्याच दुकानातून घेतले ना मी?"

दुकानाची जागा ग्लेनिसच्या नवऱ्याची होती. बेव्हर्ली आपल्या बुटांकडे बघत राहिली.

"काढ तो," मागून कोणीतरी म्हणालं. "जनाची नाही तर मनाची तरी ठेव."

रेविननं तो काढला. ओमारूच्या त्या बोचऱ्या थंडीत ती लोकरी पायमोज्यांवर घरी चालत गेली. ग्लेनिसनं स्कर्ट छातीशी धरून ठेवला होता, आणि गाव तिला धीर देत होतं.

पुढच्या हिवाळ्यात ग्लेनिस तोच स्कर्ट घेऊन रेविनच्या दारात आली.

"कमरेला घट्ट होतोय. जरा सैल करून दे. यंदा मी घालणारे, आईची आठवण म्हणून."

"तू?"

"मग काय तू? तुला चढू देतील का परत मंचावर? आणि त्या तुझ्या नाड्या मला कळत नाहीत. नीट बांधूनच दे."

इतका निर्लज्जपणा अंगी असायला नशीब लागतं. रेविननं स्कर्ट घेतला. कमर सैल केली, उसवलेले टाके पक्के केले, चाकं पुसून लखलखीत केली. नाड्या ओढून मखमल वर चढवली आणि शेवटी निरगाठीऐवजी सुरगाठ मारली, चालता चालता हळूहळू सुटेल अशी.

मिरवणूकभर गाठ टिकली. मंचाच्या दगडी पायऱ्या चढताना ती सुटली, मखमल सरसरत खाली आली आणि सगळ्यात वरच्या पायरीवर ग्लेनिसनं तिच्यावर पाय दिला. ती गडगडत खाली आली. गुडघ्याखाली तिचा पाय नको त्या बाजूला वळला होता. ती किंचाळली.

गर्दी हसली. या दिवसांत इथे रोज कोणी ना कोणी रस्त्यात खोटंखोटं मरून पडतं, कोणाचं इंजिन फुटतं, आणि बघणारे टाळ्या वाजवतात.

"वा, ग्लेनिस, काय पडलीस!" बँकवाला ओरडला.

ती रडायला लागली तशा टाळ्या वाढल्या. गेल्या वर्षीही ती मंचावर छान रडली होती.

पहिल्याच रांगेत तिला बहीण दिसली. "रेविन, पाय मोडलाय गं माझा. सांग ना यांना. सांग ना."

रेविननं कपाळावरचा पितळी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि तीही टाळ्या वाजवायला लागली. हळूहळू बाकीच्यांचं हसू मावळलं, टाळ्या थांबल्या, तरी तिच्या चालूच होत्या. शेजारी उभ्या असलेल्या बेव्हर्लीला सगळं कळलं होतं. ती आपल्या बुटांकडे बघत राहिली.