तीन नंबरचं टेबल

बाईंनी अर्ज उलटा फिरवला आणि वडिलांच्या पुढ्यातून सरकवून मुलीसमोर ठेवला.

“जोडविषय कोणता घ्यायचाय तुला?”

“संगणक,” वडील म्हणाले. “आम्ही संगणकच घेणार.”

मुलगी टेबलावरच्या शाईच्या डागाकडे बघत होती. वडील बसचालक होते, मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय असलेले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. दाराशी बसलेल्या शिपाईमामांना तेवढं म्हणाल्या, “मामा, यांना पाणी दाखवा.”

तहान नाही, असं चालकसाहेब सांगू लागले, पण मामांनी त्यांना दंडाला धरून कधी उठवलं ते त्यांनाच कळलं नाही. हायस्कूलच्या नव्या मुलांसाठी दरवर्षी दोन दिवस हे तीन नंबरचं मदतीचं टेबल लागे आणि तेरा वर्षं तिथे कार्यालयातल्या याच बाई बसत. टेबलाचा नियम एकच, भिंतीवर न लिहिलेला: मुलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पालकाने दिलं की पालकाने पाणी पिऊन यायचं. पाण्याची टाकी व्हरांड्याच्या पार टोकाला. जाऊन यायला चार मिनिटं. तेवढ्यात मुकी मुलंही बोलायला लागतात, असा बाईंचा अनुभव.

“चित्रकला,” मुलगी हळूच म्हणाली.

“मग लिही.”

आणि एक सूचना बाई घसा बसेपर्यंत सगळ्यांना ऐकवत. कोऱ्या अर्जावर सही करू नका. आधी मुलाला भरू द्या, मग वाचा, मग सही. पालक मान डोलवत आणि बहुतेक जण कोऱ्या अर्जावर सही करूनच आलेले असत. बाईंना त्यांची कीव यायची. स्वतःच्या पोराने काय लिहिलंय हे ज्याला ठाऊक नाही त्याने पुढची पाच वर्षं काय करायची, असं त्या मामांना विचारत. मामा हसत.

रांगेत पुढचा नंबर त्यांच्या मुलीचा होता.

ती सगळ्यांसारखी रांगेत उभी राहून आली होती. तसं घरीच ठरलं होतं. शाळेत आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हेही ठरलं होतं. मुलगी खुर्चीत बसली, अर्ज पुढे केला आणि म्हणाली, “बाई, माझा अर्ज.”

बाईंना हसू आलं. हा दिवस यावा म्हणून त्या तीन वर्षं थांबल्या होत्या. नवरा कामामुळे दुसऱ्या गावी, महिन्यातून दोनदा येणारा. बाई सकाळी साडेसहाला घराबाहेर पडत तेव्हा मुलगी झोपलेली असे. आता दोघी एकाच बसने येणार, सकाळचं सत्र सुटलं की एकाच बसने परत जाणार. त्यासाठी त्यांनी एकसारखे दोन डबेही आणून ठेवले होते, झाकणं तेवढी वेगळी.

त्यांनी अर्जावरून सवयीने बोट फिरवलं. नाव, जन्मतारीख, जोडविषय. सत्राच्या चौकटीपाशी बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं: दुपार.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाचा अर्ज हातात आला. पण नाव बरोबर होतं. अक्षर मुलीचंच होतं, खाली झुकत जाणारं. आणि त्याखाली बाईंची स्वतःची सही, ठसठशीत. परवा गॅसवर दूध ठेवलेलं असताना केलेली. तेरा वर्षं हाच अर्ज वाटतोय, त्यात वाचायचं काय, असं म्हणून कोऱ्यावरच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

“अगं, हे चुकून लिहिलंस ना? सकाळ लिहायचं होतं,” बाई म्हणाल्या. मुलीने तोंड उघडलं, पण बाईच पुढे बोलल्या, “घाईत होतं असं. सकाळच हवंय हिला.”

शेवटचं वाक्य कुणाला सांगितलं ते त्यांनाच कळेना. टेबलापलीकडे दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी पेन उचललं. दुपारचं सत्र म्हणजे मुलगी घरी येणार संध्याकाळी साडेसहाला. म्हणजे पुन्हा तेच, एकीने दार ओढून घ्यायचं आणि दुसरीने झोपेत कूस बदलायची. यात कुणाचा काय फायदा? सकाळच्या सत्रात सगळे शिक्षक आपले. मुलीला काही लागलं, काही दुखलंखुपलं, तर दहा जण धावतील. असं कोण सोडतं?

“चुकून नाही,” मुलगी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. “दुपारी मला कुणी ओळखत नाही.”

बाईंना याचा अर्थच लागेना. ओळख नसल्याचं कौतुक असतं होय? लोक ओळख काढायला काय काय करतात. त्या मुलीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. रोजचंच तोंड, आणि तरी त्यांना ते नीट वाचता येत नव्हतं. पेनाचं टोक चौकटीवर टेकलं होतं, तिथे निळा ठिपका मोठा होत गेला.

दाराशी मामा खाकरले.

“बाई,” ते अगदी साधेपणाने म्हणाले, “पाणी?”

रांगेतलं कुणी हसलं नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. पलीकडच्या टेबलावरच्या नव्या शिक्षिकेला खुणेनेच बोलावून आपल्या खुर्चीत बसवलं, शिक्क्याची पेटी तिच्याकडे सरकवली आणि व्हरांड्यातून चालू लागल्या. तेरा वर्षांत या कामासाठी त्या या वाटेने कधी गेल्या नव्हत्या. वाट फारच लांब होती.

टाकीपाशी चालकसाहेब हातात रिकामा ग्लास घेऊन उभे होते. बाईंना बघून ते आधी बिचकले, मग बाजूला सरून त्यांनी जागा करून दिली.

“तुम्हालाही?”

बाईंनी मान हलवली. ग्लास भरला. “बराच वेळ लागतो का हो?”

“मला नका विचारू,” ते म्हणाले. “मी परत गेलो होतो. पुन्हा मीच उत्तर दिलं, पुन्हा पाठवलं.”

तिथून तीन नंबरचं टेबल दिसत होतं, ऐकू मात्र काही येत नव्हतं. मुलगी बोलत होती. हात हलवून हलवून, मध्येच हसून बोलत होती. घरी ती इतकं बोलते का, हे बाईंना आठवून बघावं लागलं. मग शिक्षिकेचा हात वर गेला आणि शिक्क्याचा आवाज मात्र इथवर स्पष्ट आला.

“काय झालं?” चालकसाहेबांनी विचारलं.

“प्रवेश झाला तिचा,” बाई म्हणाल्या. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. ग्लास पुन्हा नळाखाली धरला आणि भरेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. चार मिनिटं अजून व्हायची होती.