तारेतली खरखर

नेटवाला जुबेर वरच्या मजल्यावरून धावत खाली आला तेव्हा मंजुश्री मिक्सरवर खोबरं वाटत होती. स्वयंपाकघराच्या दारातूनच त्यानं हातानं मिक्सर बंद करायची खूण केली, जिन्याकडे कान लावला आणि वर लावून ठेवलेलं गाणं पुन्हा सुरू झालं तसा हसला.

"आलं बघा नेट. ताई, तुमचा मिक्सर लई जुना झालाय. आतले कार्बन झिजलेत, ठिणग्या मारून राहिला. नेट आता घरातल्या लाइटच्या तारेतून जातंय ना, मिक्सर फिरला की तारेत नुसती खरखर भरती. छोट्या ताईंना तेवढं सांगून ठेवा. मीटिंग असली की मिक्सर नको."

"सांगते की," मंजुश्री म्हणाली आणि त्याच्या हातात चहाचा कप दिला.

तिनं सांगितलं नाही. विसरले, असं पुढं कुणालाही म्हणता आलं असतं. पण ती विसरली नव्हती. भांडी घासताना, कणीक मळताना ते वाक्य तिच्या डोक्यात होतं, आणि धाकटी जाऊ अक्षरा समोरून दोनदा गेली तरी तिनं ते ओठावर येऊ दिलं नाही.

लातुरात औसा रोडला त्यांचं तीन मजली घर. फायबरचा डबा खालच्या हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. त्याचं वायफाय मधल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरापर्यंत कसंबसं पोचायचं, आणि सगळ्यात वर अक्षराच्या खोलीत मुळीच नाही. मोबाइललाही तिथं रेंजची एकच काडी. भिंतीवरून वायर न्यायला सासूबाई शिवगंगाबाईंनी साफ नकार दिला. "नव्या रंगावरून वायर? घराला सलाइन लावल्यागत दिसंल." सूनबाईनं लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये बसावं, हेही त्यांना पटेना, तिथं दिवसभर पाव्हणेरावळे. मग नेटवाल्या जुबेरनं पॉवरलाइन अडॉप्टरची जोडी आणली. एक डबी खालच्या बोर्डात, एक वरच्या. दोन्ही थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये.

अक्षरा नांदेडची, इंजिनिअर झालेली. लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि पुण्याच्या एका कंपनीचं काम ती घरून करायची. तिचा नवरा रुद्रेश आणि मंजुश्रीचा नवरा संगमेश्वर, दोघं भाऊ गंजगोलाईतलं भुसाराचं दुकान बघायचे. मंजुश्री या घरात आली तेव्हा बारावीला चांगले मार्क घेऊन आली होती. नर्सिंगला जाते म्हणाली तर शिवगंगाबाईंनी हातात झारा दिला होता. आता त्याच शिवगंगाबाई पोरांना दटावायच्या, "हळू बोला, वर काकीचं काम चालू हाय."

अक्षरा वाईट नव्हती, पण तिचं लक्ष नसायचं. वरून मोबाइलवर मेसेज टाकायची, 'अक्का, चहा.' मंजुश्री कप घेऊन जिना चढायची. अक्षरा स्क्रीनवरून नजर न हलवता हातानंच 'ठेवा' म्हणायची. त्या हाताची खूण मंजुश्रीच्या मनात काट्यासारखी राहिली होती.

पहिल्यांदा ते आपोआप झालं. दुपारी तिनं जवसाची चटणी वाटायला घेतली, मधे भांडं हलवायला थांबली, आणि जिन्यातून आवाज आला, "हॅलो? हॅलो, माझा आवाज येतोय का? सर?" मंजुश्रीनं बटण पुन्हा दाबलं. थांबवलं. "सॉरी सर, इथं नेटचा जरा प्रॉब्लेम..." पुन्हा दाबलं.

कितीतरी वर्षांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग तिला तो नादच लागला. अक्षराच्या मीटिंगच्या वेळा घरात सगळ्यांना माहीत असत, कारण तेवढ्या वेळात शांत राहायचं असे; स्वयंपाकघरातला आवाज तेवढा कुणी धरत नसे. मंजुश्री बरोबर तेव्हाच शेंगदाणे भाजून घ्यायची, कारळं, खोबरं, लसूण काढायची. चटण्यांच्या बरण्या भरल्या. दुकानावर डबे जाऊ लागले. पाव्हणे बोटं चाटत म्हणायचे, "मंजुश्रीच्या हाताला चव हाय." शिवगंगाबाईसुद्धा एकदा कौतुकानं बोलल्या. ते कौतुक ऐकताना मंजुश्रीला वरचं "हॅलो, हॅलो" आठवायचं आणि हसू दाबायला ती पाठ फिरवायची.

अक्षरा बिचारी काय काय करून बघत होती. सॉकेट बदललं, चार्जर काढले, पंखा बंद करून घामाघूम बसली. जुबेरला बोलावलं तर तो आला पोळ्यांच्या वेळी. मिक्सर गप, दोन्ही डब्यांवर हिरवे दिवे. "सगळं ओके हाय ताई," म्हणून तो घाईनं पुढच्या घरी गेला.

पावसाळ्याच्या शेवटी अक्षराची मोठी मीटिंग ठरली. परदेशातले लोक ऐकायला असणार होते. नीट पार पडलं तर ती टीमची प्रमुख होणार होती. सकाळी ती स्वयंपाकघरात आली. डोळ्यांखाली काळं झालं होतं. पहिल्यांदाच तिनं मंजुश्रीचा हात धरला.

"अक्का, पूजेला बसाल तेव्हा माझ्यासाठी एक बेलपान जास्त वाहाल? मला लई भीती वाटून राहिली."

"वाहते की. होतंय सगळं चांगलं."

मंजुश्री पूजेला बसली. तळहातावरच्या इष्टलिंगाला तिनं खरंच एक बेलपान जास्त वाहिलं, अक्षराचं नाव घेऊन. मग उठली, पदर खोचला आणि शेंगदाण्याचा मोठा डबा खाली काढला. वरून अक्षराचा इंग्रजीतला ठाशीव आवाज सुरू झाला तसं तिनं भांडं मिक्सरवर बसवलं. त्या दिवशी तिनं कूट इतकं बारीक केलं की त्याला तेल सुटलं.

पंधरवड्यात कंपनीनं कळवलं, घरून जमत नसेल तर पुण्याला या. रुद्रेशला दुकान सुटणार नव्हतं, आणि सुनेनं एकटीनं पुण्याला राहणं या घरात कुणी बोलूनही दाखवलं नसतं. अक्षरानं राजीनामा लिहिला. दोन दिवस खोलीत रडली. तिसऱ्या दिवशी खाली आली, केस बांधले आणि विचारलं, "अक्का, काय चिरू?"

मंजुश्रीनं तिच्यापुढं कांद्याची परडी सरकवली.

नेटच्या डब्या परत न्यायला जुबेर आला तेव्हा दोघी ओट्यापाशी होत्या. मंजुश्री चटणी वाटत होती. त्यानं मिक्सरकडं बघून कपाळाला हात लावला.

"अजून हाच चालू हाय? मी सांगितलं होतं ना ताई, मीटिंगला हा नको म्हणून? छोट्या ताई, तुम्हाला सांगितलं न्हाई का यांनी?"

मंजुश्रीचा हात बटणावरच राहिला. अक्षरानं एकदा मिक्सरकडं बघितलं, मग फळीवरच्या चटणीच्या बरण्यांकडं. बराच वेळ बघितलं.

"सांगितलं होतं," ती जुबेरला म्हणाली. "माझ्याच ध्यानात राहिलं न्हाई."

मंजुश्री वाट बघत राहिली. आज भांडेल, उद्या सासूला सांगेल. अक्षरानं काही केलं नाही. ती स्वयंपाक शिकली, आणि झटपट शिकली. मंजुश्रीच्या मुलीचा, नववीतल्या बसवश्रीचा, गणिताचा अभ्यास घ्यायला लागली. पोरगी रात्री उशिरापर्यंत काकीच्या खोलीतच असायची. मंजुश्रीची भीती हळूहळू गेली. अक्षराच घाबरली असेल, असं तिला वाटलं.

संक्रांतीनंतर किल्लारीहून फोन आला. शिवगंगाबाईंच्या थोरल्या जाऊ, कमळाबाई, पक्षाघातानं अंथरुणाला खिळल्या होत्या. मूलबाळ नाही, नवरा भूकंपात गेलेला. रान मात्र त्यांच्या नावावर होतं आणि त्यावर डोळा ठेवून बसलेले पुतणे दुसऱ्या दिराकडेही होते. आपल्या घरातलं कुणीतरी तिथं राहायलाच हवं, असं जेवताना ठरलं. आजवर असं काही निघालं की शिवगंगाबाई म्हणायच्या, मंजुश्रीला सोडलं तर चूल कोण बघणार? आताही त्या तेच म्हणाल्या.

"आत्याबाई, मी हाय की," अक्षरा म्हणाली. "अक्कांना जाऊ द्या. त्यांना आजाऱ्याचं करायची आवड हाय, नर्सच व्हायचं होतं ना त्यांना? बसवश्रीचं मी बघते. शाळा बुडवून तिला कशाला न्यायचं?"

"पण तुला कंपनीनं परत विचारलंय ना?" रुद्रेश म्हणाला. "दुसरं माणूस मिळेना म्हणून घरूनच करा म्हणालेत."

"नको म्हणून कळवलं मी."

शिवगंगाबाईंनी धाकट्या सुनेकडं असं बघितलं, की त्या नजरेसाठी मंजुश्रीनं एकेकाळी काहीही केलं असतं. संगमेश्वर मान खाली घालून भात कालवत राहिला.

जेवणं झाल्यावर मंजुश्रीनं अक्षराला ओट्यापाशी गाठलं.

"अक्षरा, ती नोकरी घे. मी पाया पडते तुझ्या. पोरीला सोडून मी कशी राहू?"

अक्षरा ताट विसळत होती. विसळून झालं, तिनं ते उभं करून ठेवलं.

"कशी घेऊ अक्का? या घरात नेट कुठं टिकतंय."

"चुकलं माझं."

"चुकलं न्हाई. मी वर रडायची तेव्हा तुम्ही खाली हसायचा. बसवश्रीनं सांगितलंय मला. तिला वाटायचं, अम्मा चटणी करताना लई खूश असती."

मंजुश्री किल्लारीला गेली. सरकारनं बांधून दिलेल्या त्या सारख्या दिसणाऱ्या घरांपैकी एकात कमळाबाईंची खाट होती. म्हातारीचं तोंड वाकडं झालं होतं, पण शिव्या नीट कळायच्या. घास आवडला नाही की ती मंजुश्रीच्या अंगावर थुंकायची. तिला कुशीवर वळवायचं, पुसायचं, पुन्हा वळवायचं. संगमेश्वर सुरुवातीला दर सोमवारी यायचा. मग पंधरा दिवसांनी. मग दुकानात गडबड आहे असा फोन यायला लागला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बसवश्री आली. चार दिवस राहील म्हणून मंजुश्रीनं पुरणाचा घाट घातला होता. पोरगी उंच झाली होती, केस अक्षरासारखे कापले होते. ओसरीवर बसून ती फोन बघत राहिली.

"इथं वास येतोय, अम्मा."

"आजारी माणूस हाय ना गं. खा, तुला आवडती म्हणून केली पोळी."

बसवश्रीनं एक तुकडा मोडला. "काकी एवढं तूप न्हाई घालत." मग रस्त्याकडं बघून म्हणाली, "पाचची जीप असती ना? पप्पांना विचारलंय मी. आजच जाते. काकी वाट बघती."

मंजुश्री तिला नाक्यापर्यंत सोडायला गेली. पोरीनं पुढची जागा पकडली, काच वर केली आणि आतून हात हलवला. जीप निघाली. मंजुश्री धूळ बसेपर्यंत तिथंच उभी राहिली.

घराशी आली तर कमळाबाईंची हाक दारापर्यंत ऐकू येत होती. अंथरूण भिजलं होतं. तिनं पदर खोचला, म्हातारीच्या काखेत हात घातला आणि तिला कुशीवर वळवलं.