हळदीतली झडती

हळदीला रागवायचं न्हाई, ही आमच्या टाकव्याची रीत. सोयऱ्यांना चिमटे काढणारी गाणी म्हणायचीच. ज्याला राग आला त्याचंच हसं. म्हणून माझ्या धाकट्या बहिणीच्या, इंद्रायणीच्या हळदीला मी खास गाणं बांधलं. नवरदेव प्रज्ञेश विमानतळावर झडतीच्या कामाला. आन मी, गोरख, जल्मात एकदाच विमानात बसलेलो. तवा झडतीवाल्यांनी माझी जी दशा केली, ती इचारू नका! आईनं मामीसाठी दिलेला खलबत्त्यातला बत्ता काढून घेतला, येकवीरेचा नारळबी घेतला.

कान्हे गावातल्या लॉनवर दोन्हीकडची हळद एकत्रच. माझा जोडीदार नथू, त्यानं ढोलकीवर थाप मारली आन मी गौळणीच्या चालीवर सुरू केलं:

"पट्टा काढा, पाकीट काढा, काढा पायताण,
पँट धरून उभं ऱ्हावा, हाच पावण्यांचा मान!
बत्ता गेला, अडकित्ता गेला, नारळबी गेला,
साहेब म्हनं, मिशीमधी चाकू दडवून नेला?"

माणसं खुर्चीवरनं पडायची बाकी. इंद्रायणी हळदीनं माखलेली, पोट धरून हसत होती.

प्रज्ञेश उठला. मला वाटलं, नाचाय आला. त्यानं माझ्या हातातला माईक हिसकला आन नथूच्या तोंडावर हाणला. दातच पडला की वो! "फुकट्यांनो, माझ्या वर्दीवर हसता?" म्हणत माझ्या पोटात लाथ घातली. मग माझंबी टाळकं सरकलं. गचांडी धरून त्याला हळदीच्या परातीवर आपटला, नाकावर ठोसा दिला. त्याच्या मामानं माझ्या पाठीत खुर्ची मोडली. पडल्या पडल्या हाताला लागलं ते हळदीचं मुसळ, आंब्याचा डहाळा बांधलेलं. उगारलं प्रज्ञेशच्या डोक्यावर. तितं बत्ता काढून घेतला व्हता, हितं कोण काढून घेणार?

"गोरख!" आबांनी माझे पाय धरले. "लेकीचं लग्न मोडू नको रं!"

बापानं पोराचे पाय धरावेत? मुसळ खाली ठेवलं. राग गिळून हात जोडले. "चुकलं, दाजी. माफ करा." त्या मुडद्याला दाजी म्हणताना जीभ जळली माझी.

त्यानं माझ्याकडं बघितलंबी न्हाई. नाक पुसलं आन इंद्रायणीचं मनगट असं पिरगाळलं की काकणं फुटली. "दात काढत होतीस ना? उद्या घरी ये, मग बघतो तुझ्याकडं."

सगळ्या लॉननं ऐकलं. त्याची आई म्हणली, "जरा रागीट आहे. पण मनात काही नसतं हो." आबा तसेच भुईवर बसलेले. माझी नजर परत मुसळाकडं गेली.

इंद्रायणीनं मनगट सोडवलं. उपडी पडलेली परात सरळ केली. साखरपुड्याची अंगठी काढून तीत ठेवली. त्यानं दिलेला मोबाईल ठेवला. पैंजण ठेवले. उरलेला हिरवा चुडा एकेक करून उतरवला. मनगटावर रगत व्हतं, ते तिनं पुसलंबी न्हाई. मग परात पायानं त्याच्याकडं सरकवली.

"घ्या तपासून," ती म्हणली. "तुमचं काय ऱ्हायलं असंल तर बघा. मला पुढं जायचं न्हाई."

आबा उठले, धोतराच्या सोग्यानं तिचं मनगट पुसलं आन तिच्या शेजारी उभे ऱ्हायले.

"दादा," ती माझ्याकडं वळली, "गाणं अर्धंच ऱ्हायलंय."

नथूनं तोंडाला टॉवेल दाबला आन एका हातानं ढोलकी ओढली. मी गायलो. माझा आवाज फुटत व्हता, पण ती परत हसली.